घोड्याचं शास्त्र कॉलेजात शिकायचं असेल, तर आधी नाडी मोजायला शिक

प्रश्न कंधार तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. घरी वरातीच्या तीन घोड्या आणि एक शिंगरू. बारावी सायन्स झाली, नीटचा निकाल हातात आहे. घोड्याचं शास्त्र आणि व्यवस्थापन वरच्या पातळीपर्यंत शिकायचं तर मार्ग कोणता, तिथे नेमकं काय शिकवतात, परदेशातले डिप्लोमे कामाचे असतात का, असं तिनं विचारलंय. शेवटी एक ओळ आहे : "बाबा म्हणतात, घोडं पुस्तकातून कळत नसतंय. त्यांना काय सांगू?"

लेकरा, बाबांना काहीच सांगू नकोस, कारण ते निम्मे बरोबर आहेत. उरलेलं निम्मं काय, ते मी माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

मी परभणीला पशुवैद्यक शिकलो. पास झाल्यावर पहिली काही वर्षं नांदेड जिल्ह्यात गाई-म्हशींत काढली. पुढे पुण्याकडे एका स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या ठिकाणी, बावीस वर्षं घोड्यांत गेली, आता परत परभणीत आहे. ही गोष्ट त्या पहिल्या वर्षांतली. लग्नसराईचे दिवस, रात्री अकराचा सुमार. लोह्याजवळच्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. वरातीची घोडी पोटदुखीनं लोळत होती. दिवसभर उन्हात उभी, पोटात काही नाही, आणि वरात संपल्यावर मांडवातल्या पोरांनी लाडानं तिच्यापुढे पाटीभर बुंदी आणि भात ठेवला. मी गेलो, पाहिलं, वेदना थांबवायचं इंजेक्शन दिलं. थोडं बरं वाटलं, परत लोळली. गाईसारखा विचार करून मी म्हटलं, थांबू, गॅस निघून जाईल. दोनच्या सुमारास घोडी एकदम शांत झाली. मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आराम पडला बघा." आम्ही चहा प्यायलो. तासाभरानं पाहतो तर तिचे कान बर्फासारखे गार, अंगाला थंड घाम, हिरड्या जांभळट. उजाडायच्या आत घोडी गेली.

तिची जठराची पिशवी फुटली होती. फुटली की ताण सुटतो, म्हणून ती शांत झाली होती. घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की आत फुगलेलं वर येतच नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. अशा वेळी नाकातून नळी घालून जठर रिकामं करणं हे पहिलं काम. माझ्याकडे नळी होती, गाडीच्या डिकीत. मी ती काढली नाही, कारण मी नाडी मोजली नव्हती. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. पोटदुखीत ती साठच्या वर गेली आणि इंजेक्शननंतरही खाली येईना, तर प्रकरण गंभीर आहे हे समजायचं, घोडी कितीही शांत दिसो. जबड्याखाली बोट ठेवून पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं, एवढंच. मी डोळ्यानं पाहून ठरवलं आणि चुकलो.

तर कॉलेजात घोड्याबद्दल जे शिकवतात ते मला विचारशील तर हे आहे : मोजणं. बाबांकडे नजर आहे. घोडी दारातून बाहेर पडताना कुठला पाय जपून टाकते हे त्यांना माझ्याआधी दिसतं, पैज लावतो. पण ती नजर तुला कॉलेजात मिळायची नाही, आणि आकडा त्यांना घरी मिळायचा नाही. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा आणि बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. तू शिलेदाराच्या घरची आहेस. वर्गात तुझ्याबरोबर बसणाऱ्या बहुतेकांनी घोड्याच्या पोटाखाली कधी हात घातलेला नसेल.

आता मार्ग. आपल्याकडे घोड्याचा वैद्य व्हायचं तर रस्ता पशुवैद्यकीय पदवीचाच आहे, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. साडेपाच वर्षं : साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश नीटच्या गुणांवर. १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात, बाकीच्या राज्यात. महाराष्ट्रातली सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं २००० साली झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली येतात, आणि त्यातली परभणी आणि उदगीर आपल्याच मराठवाड्यात आहेत. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. तिथून महालक्ष्मीचं रेसकोर्स जवळ, त्यामुळे तिथल्या पोरांच्या नजरेला घोडे जास्त पडतात. जमलं तर मुंबईही यादीत ठेव, पण परभणी-उदगीरला हलकं समजू नकोस. कंधारहून रात्री घरी पोचता येणं हे घोडे असलेल्या घरात लहानसहान गोष्ट नाही.

मात्र एक सांगून ठेवतो. या पदवीत घोडा हा मुख्य पाहुणा नसतो. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा यांच्या पंगतीत त्याला एक पान मिळतं. शरीररचनेत तो येतो, औषधशास्त्रात, शस्त्रक्रियेत, प्रजननात येतो, पण तू मागून घेतलंस तरच तो हातात येतो. इंटर्नशिपच्या वर्षात स्टड फार्म किंवा रेसकोर्सवर जायची संधी मिळत असेल तर हट्टानं घे. पुढे एम.व्ही.एस्सी.ची दोन वर्षं औषधशास्त्रात किंवा प्रजननशास्त्रात करायची आणि प्रबंधाला विषय घोड्याचा घ्यायचा, हा नेटका रस्ता. घोडा, गाढव, खेचर यांच्यासाठी देशातली मुख्य संस्था म्हणजे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, १९८५ पासूनचं. त्याचं दुसरं ठाणं बिकानेरला आहे. २०२३ मध्ये तिथेच भ्रूण प्रत्यारोपण करून सांभाळआईच्या पोटी मारवाडी शिंगरू जन्मलं.

पदविका करूनही कामं मिळतात, पण उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच, असं १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो. गावात "घोड्याचा डॉक्टर" म्हणून फिरणारे खूप दिसतील. तू त्यातली होऊ नकोस.

शिकवतात काय, हा तुझा खरा प्रश्न. सगळं सांगत बसलो तर साडेपाच वर्षं इथंच लागतील, म्हणून जिथे आपल्या भागात घोडे मरतात तेवढंच सांगतो. पहिलं, वैरण.

वजनकाटा नसेल तर शिंप्याचा टेप घे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोज, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी मोज. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. वजन किलोत येतं. घेर १६० आणि लांबी १४५ असलेल्या घोडीचं येतं साधारण ३१२ किलो. परवा अशीच एक घोडी मी मोजली. मालक म्हणत होते, चारशेच्या खाली नाही. चारशे धरून जंताचं औषध दिलं तर जास्त पडतं, दोनशे धरून दिलं तर जंत मरत नाहीत आणि औषधाला सरावतात. दिवसाला वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुकी वैरण हा ढोबळ हिशेब, म्हणजे या घोडीला रोजचा सहा-सात किलो कडबा-गवत. बाबांना विचार, एक पेंढी किती वजनाची? त्यांना नग माहीत असतात, किलो नाही. घरचा तराजू काढ आणि आठवडाभर मोज. मला खात्री आहे, तुझ्या घरात दाणा जास्त आणि वैरण कमी पडतेय. सगळ्या वरातवाल्यांकडे तसंच असतं.

घोड्याचं जठर आम्ल गाळायचं कधी थांबवत नाही, खायला असो-नसो. माळरानावर तो दिवसाचे सोळा-सोळा तास चरत राहायचा, त्यासाठी ती व्यवस्था. आपण त्याला सकाळी सजवतो, आठ तास उपाशी उभा करतो आणि रात्री तोबऱ्यात दोन-तीन किलो हरभरा भरतो. आधी जठराला जखमा, मग पोटशूळ. एका वेळी दोन किलोच्या वर दाणा द्यायचा नाही आणि दाण्याच्या आधी वैरण, एवढ्या दोन गोष्टी पाळल्या तर माझ्यासारख्याचा धंदा निम्मा होईल.

कडब्याबद्दल दोन शब्द. वाळलेला कडबा चालतो, पण तो बोजड. पाणी कमी पडलं की आतड्यात गोळा होऊन अडकतो. कुट्टी करून, शिंपडून द्यावा. तीनशे किलोच्या घोड्याला थंडीत पंधरा-वीस लिटर पाणी लागतं, आपल्या मे महिन्यात त्याच्या दुप्पट. घामेजल्या घोड्याला पाणी पाजू नये असं जे घरोघरी सांगतात ते खरं नाही. थोडं थांबून थोडं थोडं पाजत राहायचं, आणि दिवसाला तीसेक ग्रॅम साधं मीठ, कारण घोड्याच्या घामात आपल्यापेक्षा जास्त क्षार जातात. हिरवी ज्वारी मात्र घोडीपुढे टाकू नकोस. पाऊस ओढला की कोवळ्या फुटव्याची किराळ, म्हणजे विषबाधा, गाई-बैलांना होते हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. घोड्यात त्याचं रूप वेगळं असतं. बरेच दिवस हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत खाल्लं तर मागचे पाय लटपटतात, लघवी थेंब थेंब गळत राहते, मूत्राशय सुजतं. लोक म्हणतात कमरेत वारं भरलं. एकदा मज्जातंतू गेले की ते फारसे परत येत नाहीत.

कोंड्याचंही तसंच. गव्हाचा कोंडा घोड्याला मऊ, स्वस्त आणि आवडता. त्यात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो, आणि घोड्याला हवं उलटं, कॅल्शियम जास्त. महिनोन्‌महिने कोंड्यावर ठेवलेलं जनावर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उपसतं. चेहऱ्याची हाडं फुगतात, दोन्ही गालांवर उंचवटे येतात, पाय धड पडत नाहीत. नेपिअर गवतातलं ऑक्झलेटही कॅल्शियम अडवतं. उपाय साधा : कोंडा मूठभर, सोबत रोज थोडा लसूणघास. आणि कोंबड्यांचं खाद्य? ते घोड्याच्या दावणीजवळ ठेवूच नये. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू ते मारून टाकतं, आणि त्याला फार थोडी मात्रा पुरते. बुरशी लागलेला मकाही तसाच, मेंदूवर जातो. भोकरदन-सिल्लोडकडे मक्याची सुगी पावसात सापडते तेव्हा हे फार आठवतं.

हे सगळं सांगायचं कारण, घोडा म्हणजे मोठी गाय नव्हे, हे कळायला मलाही वर्षं लागली. झोप आणणाऱ्या झायलॅझिनचंच घे. घोड्याला लागते त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात गाय आडवी होते. जार, म्हणजे वार, अडकली तर गाईला आपण बारा तास, कधी जास्तही वाट पाहतो. घोडीत तीन तास ही हद्द. त्यानंतर गर्भाशयातलं विष रक्तात उतरतं आणि ते जाऊन बसतं खुरात. खुराच्या आतलं नाजूक अस्तर सुजतं, त्याला लॅमिनायटिस म्हणतात, आणि चांगली घोडी आयुष्यभर काचेवर चालल्यासारखी चालते. व्यायल्यावरचे तास पाठ करून ठेव : एका तासात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत त्यानं दूध ओढावं, तीन तासांत जार पडावी. पहिलं घट्ट दूध म्हणजे चीक, तो पहिल्या सहा-आठ तासांत पोटात जायला हवा. चोवीस तासांनंतर शिंगराचं आतडं त्यातली रोगप्रतिकारद्रव्यं शोषूच शकत नाही. आणि आईच्या पोटात असताना त्याला ती मिळालेली नसतात. गाभणकाळ सरासरी ३४० दिवस, आणि घोड्या बहुतेक वेळा रात्रीच वितात, तेव्हा कोणीतरी जागं असावं लागतं. तुमच्या घरी जागतं कोण, हे मला माहीत आहे. आई.

प्रजननात एकच गोष्ट अधिक सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. घोडी नराला दाखवल्यावर चौदाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान अल्ट्रासाउंड करायचाच. जुळी असतील तर त्याच टप्प्यावर एक बोटांनी दाबून बाद करतात. पुढे दोन्ही गर्भ मोठे झाले की बहुधा दोन्ही पडतात, कधी घोडीही जाते. आपल्याकडे "जुळं होणार, भाग्य उघडलं" म्हणून पेढे वाटलेले मी पाहिलेत.

खुराबद्दल फार लिहीत नाही. तो वाचून येत नाही. महिन्याला सेंटिमीटरभराच्या आतबाहेर वाढतो, सहा ते आठ आठवड्यांनी कापावा लागतो, आणि मराठवाड्यात चांगला नालबंद शोधायला तालुके पालथे घालावे लागतात. भेटला तर त्याच्याजवळ बसायचं, घामाघूम होईपर्यंत पाय धरून द्यायचा. कॉलेज सुटल्यावर सुट्टीत महिनाभर हेच कर.

आता बाजार. माळेगावची खंडोबाची यात्रा तुझ्या घराजवळची, तू लहानपणापासून जात असशील. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराला घोडे, गाढवं, उंट, तेलंगण-कर्नाटकातले व्यापारी, रुमालाखाली बोटं चाचपून ठरणारे सौदे. मागे एका ओळखीच्या माणसासाठी मी तिथे घोडी बघायला गेलो. पांढरीशुभ्र, गळ्यात घुंगरमाळ. व्यापारी म्हणाला, "पाच वरसाची हाय साहेब. आत्ता कुठं तोंड भरलंय." तोंड भरणं म्हणजे कायमचे सगळे पुढचे दात येणं, ते पाचव्या वर्षी होतं हे त्यानं बरोबर सांगितलं. मी ओठ वर केला. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर बाहेरून एक काळपट उभी चीर असते. ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत येते, वीसला शेवटापर्यंत. हिची चीर अर्ध्यावर होती. खालच्या दातांच्या माथ्यावर कोवळेपणीचे असतात तसे काळे खळगे होते, पण त्यांच्या भोवती जी पांढरी कड असायला हवी ती नव्हती. म्हणजे कोणीतरी कोरून डागलेले. मी म्हटलं, पंधराच्या आसपास दिसते. व्यापारी जराही न चपापता हसला : "मग अनुभवी हाय म्हणा की!" शेपटी उचलून पाहिली तर खाली हरभऱ्याएवढ्या तीन काळ्या गाठी. जन्मताना गडद रंगाचे असून पुढे पांढरे होत गेलेले घोडे म्हातारपणाकडे झुकले की अशा गाठी बहुतेकांना येतात, आणि त्या कधी वाढतील सांगता येत नाही. सौदा झाला नाही. पण दातांचा अंदाजही दहानंतर ढिला पडतो, हे प्रामाणिकपणे लक्षात ठेव. वैरण कशी खाल्ली यावरही दात झिजतात.

देवमण, भोवरे, पंचकल्याणी या शुभ-अशुभ खुणांवर माझा विश्वास विचारशील तर नाही. पण भोवऱ्यांची जागा प्रत्येक घोड्याची वेगळी असते आणि ओळखपत्रावर ती काढावीच लागते. म्हणजे बाबांचं ते ज्ञानही वाया जाणार नाही, कारण बदलेल तेवढं.

याच यात्रेमुळे रोगांचं सांगतो. सर्रा हा रक्तातल्या एका परजीवीनं होणारा रोग घोडमाशीच्या चाव्यानं पसरतो. उंट आणि गुरं तो अंगात बाळगून वरवर ठणठणीत दिसू शकतात, घोडा मात्र खंगतो : ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज चढते, खाणं चालू असून हाडं वर येतात. यात्रेहून परतल्यावर घोडा खंगू लागला तर रक्त तपासायला द्यायचं, दृष्ट काढत बसायचं नाही. दुसरा ग्लँडर्स. नाकातून चिकट पू, कातडीखाली माळेसारख्या गाठी फुटत जाणं. हा माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे, आणि तपासणीत पक्का ठरलेला घोडा वाचवता येत नाही, त्याला शांतपणे मारावंच लागतं. नमुने हिसारला जातात. मालक लपवतात, मला त्यांचा राग येत नाही, घरातली लेकच असते ती. पण तुझा हात त्या नाकाजवळ जाणार आहे, म्हणून हातमोजे आणि मास्क.

परदेशी डिप्लोम्यांबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षानंतर कॉलेजात दोन वर्षांचा लेव्हल तीनचा, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीचा, अश्वव्यवस्थापन डिप्लोमा असतो. शरीरशास्त्र, आहार, तबेल्याचं रोजचं काम, रपेट आणि धंद्याचा हिशेब असं सगळं त्यात येतं. पुढे ग्लॉस्टरशायरच्या हार्टपुरीसारख्या ठिकाणी पदवी करता येते, अमेरिकेत केंटकी विद्यापीठात अश्वशास्त्र शिकवतात. त्यांची एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिथे तबेला झाडणं हाही अभ्यासाचाच भाग असतो. पण त्यांचा सगळा आहारविचार हिरव्यागार कुरणावर उभा आहे. वसंतातलं गोड गवत जास्त खाऊन घोड्याचे खूर जातात, ही त्यांची अडचण. आपल्या घोड्यानं आयुष्यात तसं गवत पाहिलेलं नाही. शिवाय तो डिप्लोमा तुला इथे सुई धरायचा हक्क देत नाही. आधी इथली पदवी घे, मग शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. घर विकून जाऊ नकोस.

पोटापाण्याचं. पुणे परिसरातले स्टड फार्म, पुणे-मुंबईची रेसकोर्स, रपेटीच्या शाळा, विमा कंपन्यांची तपासणीची कामं, सरकारी पशुधन विकास अधिकारी, आणि लष्कराचा १७७९ पासूनची परंपरा सांगणारा रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, ज्याचं केंद्र मेरठला आहे. आपलं अंबाजोगाई म्हणजे जुनं मोमिनाबाद. तिथे आणि हिंगोलीला निजामाच्या काळात घोडदळाच्या छावण्या होत्या. म्हणजे हा प्रांत घोड्याला नवा नाही, विसरला आहे. दख्खनच्या भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली आहे. काटक, आखूड बांध्याचं, आपल्या कडब्यावर निभावणारं जनावर. मला वाटतं त्याच्या पैदाशीत तुझ्या पिढीला काम आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगांनाही ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाखांपर्यंत, लागू झालं. अर्ज करताना प्रकल्प अहवाल लागतो, आणि त्यात घोडीमागे रोजचा खर्च लिहावा लागतो. तो तुमच्या घरात आज कोणालाच सांगता येणार नाही.

मुलगी म्हणून अडचण येईल का, हे तू विचारलं नाहीस, पण ओळींच्या मधे दिसलं. स्टड फार्मवर पहिल्या दिवशी मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, तुला घोड्यापासून दूर उभं करतील, आमच्या तिथेही एका मुलीला केलं होतं. चौथ्या दिवशी एक माजलेला घोडा तिनं आवाज न चढवता दोरीवर उभा केला. नंतर तिला कोणी दूर उभं केलं नाही. पगाराची घासाघीस मात्र तिला पुरुषांपेक्षा जास्त करावी लागली, ते लपवत नाही.

प्रवेश होईपर्यंत हातात दोन महिने असतील. एक दोनशे पानी वही घे. प्रत्येक घोडीला एक पान. रोज सकाळी, दाणा टाकायच्या आधी, नाडी, श्वास आणि ताप. श्वास मिनिटाला ८ ते १६, ताप ९९ ते १०१ फॅरनहाइट असायला हवा. थर्मामीटरला दोरा बांध, तो आत ओढला जातो, हसू नकोस, झालंय. दर रविवारी टेपनं वजन. किती पेंढ्या, किती किलो, किती बादल्या पाणी, शेण किती वेळा आणि कसं. वरात असेल त्या दिवशी परतल्यावर परत नाडी, आणि ती पूर्वीच्या आकड्यावर यायला किती मिनिटं लागली. डीजेच्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या घोडीचा आकडा एकदा बाबांना दाखव. आणि बाबा त्या दिवशी घोडी बघून जे काही बोलतील, "आज जरा जड वाटतीया" वगैरे, तेही त्यांच्याच शब्दांत शेजारच्या रकान्यात लिही.

मार्गशीर्षात मी माळेगावला येतो, जनावरांच्या बाजारात गाढवांच्या बाजूला चहाच्या टपरीवर सकाळी असतो. वही घेऊन ये. टेप माझ्याकडे आहे.